भात-नुस्ते नको झाले आहे, मग पहिल्या तीन महिन्यांत खायचे काय?

तुम्ही पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही कोल्हापूरकडच्या, लग्न होऊन गोव्यात फोंड्याजवळच्या गावात आलेल्या, गरोदरपणाचा आठवा आठवडा चालू आहे. सासरी रोज दुपारी उकड्या तांदळाचा भात आणि नुस्त्याचे हुमण, म्हणजे मासळीचे कालवण. फोडणीचा वास आला की ओकारी येते. पाव, लिंबू सरबत आणि मीठ लावलेली कैरी, एवढेच पोटात टिकते. सासूबाई म्हणतात दोघांचे खा. आई फोनवर बजावते की पपई-अननसाला हात लावू नको. नवरा मोबाईलवर वाचून बदाम-अक्रोडाची पिशवी घेऊन आला. आणि तुम्ही विचारता आहात, की बाकीच्या बायका या दिवसांत खाण्यात नेमके काय बदलतात, आणि त्याचा खरेच उपयोग होतो का. संकष्टीचेही विचारले आहे, ते शेवटी सांगते.

मी बावीस वर्षे आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, आधी सत्तरी तालुक्यात, आता फोंड्यात. गरोदर बायकांशीच जास्त बोलणे होते. एवढ्या वर्षांत माझे एक मत पक्के झाले आहे. पहिल्या तीन महिन्यांत ज्या बदलांचा उपयोग झाला, ते ताटातले फार थोडे होते. बहुतेक बदल स्वयंपाकघरातले होते: कोण रांधते, कधी रांधते, कुठे रांधते. ताटाचे पुढे बघता येते, चौथ्या महिन्यानंतर.

आधी 'दोघांचे खा' निकालात काढू. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था गरोदरपणात रोज ३५० किलोकॅलरी जास्तीच्या सांगतात, पण ती गरज दुसऱ्या तिमाहीपासूनची. आत्ता तुमच्या पोटातला जीव राजम्याच्या दाण्याएवढा आहे. त्याला जास्तीचा भात नको. पहिल्या तीन महिन्यांत मिळून अर्धा ते दोन किलो वजन वाढले तर ते नेहमीचे. अजिबात वाढले नाही, थोडे उतरले, तरी डॉक्टर लगेच घाबरत नाहीत. सासूबाईंचा हेतू चांगला आहे, फक्त दोन महिने आधी आला आहे.

माझ्याकडे येणारी जवळजवळ प्रत्येक बाई खुर्चीत बसता बसता सांगते, 'मॅडम, काहीच जात नाही पोटात.' मग मी वही काढते आणि काल डोळे उघडल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत काय काय तोंडात गेले ते विचारते. गेल्या पावसात डिचोलीकडची एक शिक्षिका आली होती. तिचेही हेच, काहीच नाही. विचारत गेले तसे एकेक निघाले. उठल्यावर अर्धा कप चहा, तो उलटला. नऊ वाजता एक पोई (इकडचा पाव), कोरडी. शाळेत चार मारी बिस्किटे. अकराला डब्यातली पेज, दोन वाट्या, चेपणीच्या तोराबरोबर, म्हणजे मिठातल्या कैरीबरोबर. दुपारी एक केळे. चारला पुन्हा चहा, तो राहिला. वर्गातल्या कुणीतरी दिलेले पाच-सहा काजू. रात्री दहीभात, चार घास म्हणता म्हणता वाटीभर. मी बेरीज केली तर नऊशे कॅलरीच्या आसपास आली. नेहमीपेक्षा बरीच कमी, पण 'काहीच नाही' नक्कीच नव्हे. तिला मी वहीचे पान दाखवले तेव्हा ती हसली आणि लगेच रडली. आठ दिवस घरात जो येईल तो तिला 'पोराला उपाशी मारणार आहेस' असे ऐकवत होता.

तुम्हीही हे एकदा करा. एका दिवसाचे सगळे लिहा, चाटलेले लोणचेसुद्धा. पुढच्या तपासणीला तो कागद घेऊन जा. डॉक्टरला किंवा माझ्यासारखीला त्यातून जेवढे कळते तेवढे 'भूक लागत नाही' या वाक्यातून कळत नाही.

एक चूक माझी स्वतःची सांगते. नोकरीच्या सुरुवातीला मी टाइप केलेले तक्ते वाटायची. सकाळी दूध आणि अंडे, दुपारी भात-वरण-मासळी-तांबडी भाजी, संध्याकाळी फळ, रात्री पुन्हा दूध. सातव्या आठवड्यातल्या एका मुलीला तो दिला. पंधरा दिवसांनी ती आली ती तीन किलो उतरून. तक्ता सासूने फ्रिजवर चिकटवला होता आणि त्याबरहुकूम रोज सकाळी उकडलेले अंडे पुढे यायचे. अंड्याच्या वासाने जी उलटी व्हायची त्यानंतर दुपारपर्यंत पाणीही ठरत नव्हते. सासू दुष्ट नव्हती, ती माझा कागद पाळत होती. घरात रांधते कोण आणि जेवणाचा हुकूम कुणाचा चालतो, हे मी विचारलेच नव्हते. तेव्हापासून बाराव्या आठवड्याआधी छापील तक्ता मी कुणाला देत नाही.

आता वासाकडे येऊ, कारण तुमचा खरा त्रास तोच आहे. दहांतल्या सात-आठ बायकांना या दिवसांत मळमळते. साधारण सहाव्या आठवड्यात सुरू होते, नवव्या-दहाव्याला कळस, आणि बहुतेकींचे चौदाव्यापर्यंत ओसरते. थोडक्यात, पुढचे दोन आठवडे आणखी वाईट जाऊ शकतात, हे आधीच सांगून ठेवते. 'आम्ही नाही का पोरे काढली' आणि 'हिची नाटके' हे ज्यांना ऐकावे लागते त्यांच्यासाठी एक माहिती. डिसेंबर २०२३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक संशोधन आले. गर्भ आणि वार यांच्याकडून जीडीएफ१५ नावाचे एक संप्रेरक आईच्या रक्तात येते आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या उलटीच्या केंद्राशी जाऊन काम करते. दिवस जाण्याआधी ज्या बाईच्या रक्तात ते मुळात कमी होते तिला त्याची सवय नसते, म्हणून तिला जास्त त्रास होतो. म्हणजे दोन जावांपैकी एक हुमण ओरपते आणि दुसरी वासानेच पळते, यात लाडावण्याचा प्रश्न नाही, रक्तातला फरक आहे. हे मी सासवांना मुद्दाम सांगते. निम्म्या ऐकतात.

ज्यांचे निभावले त्यांच्या घरी काय झाले? माशेलच्या बाजूच्या एका घरात सासऱ्यांनीच तोडगा काढला. नुस्ते कापायचे, धुवायचे, तळायचे सगळे मागीलदारी, जुन्या चुलीवर, आणि सून आंघोळीला गेली की. आत फक्त भात आणि वरण. मासे घरातून गेले नाहीत, वास गेला. दुसऱ्या एका घरी नवरा सकाळी सातलाच हुमण करून झाकून ठेवू लागला, कारण बायकोला सकाळचे वास चालत, दुपारचे नाही. हे उलटेही असते, तुमची वेळ कोणती ते तुम्हीच बघा. गरम अन्नाला वास जास्त येतो, म्हणून पुष्कळ जणी निवलेले जेवतात: गार दहीभात, गार पेज, गार उकडलेले कणंग (कंद). घरातल्या म्हाताऱ्यांना हे शिळ्यासारखे वाटते. ताजे करून निववलेले चालते, कालचे नको, एवढी रेघ आखून द्या.

सकाळचे मात्र जवळजवळ सगळ्यांना लागू पडते. रिकाम्या पोटी चहा हा सर्वांत मोठा शत्रू. आपल्याकडे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की आधी आधण चढते, पाव नंतर येतो. हा क्रम उलटा करा. उशाशी डब्यात एक कांकण ठेवा, पोदेराकडचे तेच बांगडीसारखे कडक कोरडे. डोळे उघडले की आडवे असतानाच ते हळूहळू चावून खा, दहा-पंधरा मिनिटांनी उठा, चहा त्यानंतर अर्ध्या तासाने. परदेशी पुस्तकांत इथे क्रॅकर खायला सांगतात. आपल्याकडे कांकण त्याहून चांगले, आणि घरोघरी मिळते. वेर्ण्याच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारी एक मुलगी पावणेसहाच्या बसमध्ये हेच चघळत जायची. तिने शोधलेली दुसरी गोष्ट म्हणजे जेवताना पाणी न पिणे. घोट घोट पाणी दोन खाण्यांच्या मधे. पोट रिकामेही नको आणि तुडुंबही नको, म्हणून दर दोन तासांनी मूठभर काहीतरी. कुरमुरे-चणे तिच्या पर्समध्ये कायम असत.

तुम्ही कोल्हापूरच्या, म्हणून पेजेबद्दल दोन शब्द जास्त. इथल्या लोकांना ती गरिबाची न्याहारी वाटते आणि नव्या सुना तिला नाके मुरडतात, पण या तीन महिन्यांत मला तिच्याइतके भरवशाचे काही सापडलेले नाही. भात उकडा असतो ही त्यातली मोठी गोष्ट. साळी उकडून वाळवताना कोंड्यातले बी-१ जीवनसत्त्व दाण्यात मुरते, पांढऱ्या सुरय तांदळात ते सडताना निघून जाते. आठवडेच्या आठवडे उलट्या होणाऱ्या बाईच्या शरीरात पहिले कमी पडते ते हेच बी-१. पेजेत पाणी आले, मीठ आले, पचायला हलकी, वास नाही. निवळ फेकू नका, तीच घोट घोट प्या. बरोबर मिस्कूट (कैरीचे लोणचे) नाहीतर तोर, जिभेला पाणी सुटेल इतपतच. सोलांची कढीही पुष्कळ जणींना चालते, पण नारळाचा रस न घालता, नुसत्या सोलांच्या पाण्याची. नारळाचा रस या दिवसांत जड पडतो. छातीत जळजळ होत असेल तर आंबट कमी करा. आल्याचा तुकडा किंवा आल्याचे पाणी मळमळीला थोडे मदत करते, चमत्कार करत नाही.

बदाम-अक्रोडाची पिशवी बंद करून ठेवा. तेवढ्यात खराब होत नाहीत. चौथ्या महिन्यात काढा.

मासळीचे काय? तीन महिने नुस्ते खाल्ले नाही म्हणून बाळाचे काही अडत नाही. ज्यांना जाते त्यांनी खावे, आणि लहान मासा खावा: तारले, पेडवे, बांगडे, मुडदुशे. मोठा मासा लहान माशांना खात मोठा होतो आणि त्यांच्यातला पारा त्याच्यात साठत जातो, म्हणून मोरी (शार्क) या नऊ महिन्यांत नकोच आणि मोठ्या इसवणाच्या (सुरमईच्या) फोडी क्वचित. आठवड्याला दोन-तीन वेळा, सगळे मिळून साधारण पाव किलो ते ३४० ग्रॅम, एवढे पुरेसे. तिसऱ्या, खुबे, शिनाण्या हे शिंपल्यातले जीव चांगल्या उकळलेल्या असल्या तर चालतात, शिंपले न उघडलेले टाकून द्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा घराघरांत खारे (खारवलेली सुकी मासळी) बाहेर पडते. त्या वासाने तर न मळमळणाऱ्या बायकाही मळमळतात. त्या दोन महिन्यांत अळसांद्याचे किंवा चवळीचे तोणाक (रसभाजी), मोड आलेले मूग, जमले तर अंडे. शिवराक (शाकाहारी) घरातल्या बायकांनी दूध-दही सोडू नये आणि बी-१२ तपासून घ्यावे, कारण ते भाजीपाल्यात नसते.

सोडायचे काय, हे पटकन सांगते, कारण यादी लोकांना वाटते तितकी लांब नाही. दारू पूर्ण बंद. उराकाचा (काजूच्या दारूचा) हंगाम असो, फेणी 'औषधापुरती' असो, सुरक्षित प्रमाण असे काही नाही. कच्चे न उकळलेले दूध, अर्धकच्चे मटण-चिकन-अंडे, बाहेरची चिरून ठेवलेली कोशिंबीर नको, त्यातून होणारे आजार गर्भापर्यंत जातात. चहा-कॉफी दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफीनच्या आत, म्हणजे छोट्या कपाने दोन-तीन चहा, आणि जेवणाला लागून नको, त्यातले टॅनिन अन्नातले लोह अडवते. आईच्या पपईबद्दल: कच्च्या पपईच्या चिकात गर्भाशय आकुंचन पावायला लावणारे घटक असतात, म्हणून कच्ची नको, सांबाऱ्यातही नको. पूर्ण पिकलेली खाल्ली तर बिघडत नाही. अननसाच्या दोन फोडींनी गर्भ पडत नाही. पण आईचे ऐकून नऊ महिने अननस खाल्ला नाही तरी काय गेले? या मुद्द्यावर मी कुणाशी भांडत नाही. माती, चुलीची राख, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटली तर मात्र लपवू नका, सांगा. रक्त कमी असल्याची ती खूण असू शकते.

या तीन महिन्यांत अन्नापेक्षा महत्त्वाची एकच गोष्ट आहे आणि ती इवलीशी गोळी आहे, फॉलिक ॲसिड, रोज ४०० मायक्रोग्रॅम. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भधारणेनंतर अठ्ठावीस दिवसांत मिटते, पुष्कळदा बाईला दिवस गेल्याचे नीट कळायच्या आत. म्हणून खरे तर ती आधीपासून घ्यायची असते. तुम्ही कधी सुरू केली ते लिहिलेले नाही. उशिरा केली असेल तर मनाला लावून घेऊ नका, आजपासून रोज घ्या आणि अठरा-वीस आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका. जाता जाता, या गोळीच्या इतिहासाची सुरुवात आपल्या मुंबईत आहे. लुसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर १९२८ मध्ये तिथे आल्या, गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करायला, आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे त्यांनी दाखवले. त्यातला तो गुणकारी घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला.

लोहाची गोळी मात्र आताच गिळायची घाई नको. सरकारी कार्यक्रमातही ती दुसऱ्या तिमाहीपासून असते, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, १८० दिवस. लोहाने मळमळ वाढते. रक्त फारच कमी असेल तर डॉक्टर आधी देतील. ती रात्री झोपताना घ्या, चहाबरोबर नको.

तुमच्या लिंबू सरबताबद्दल थोडी काळजी आहे. दिवसाला किती ग्लास आणि ग्लासात किती चमचे साखर? २०२३ मध्ये आयसीएमआरच्या देशभरच्या पाहणीत प्रौढांमधल्या मधुमेहाचे प्रमाण सर्वांत जास्त आढळले ते गोव्यात, २६.४ टक्के. म्हणून इथे पहिल्याच भेटीत साखरेची चाचणी करून घ्या: ७५ ग्रॅम ग्लुकोजचे पाणी पिऊन दोन तासांनी रक्त, १४० किंवा वर आले तर लक्ष द्यावे लागते. नंतर चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत पुन्हा. ग्लुकोज प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी. सरबतात साखर निम्मी करा आणि चिमूटभर मीठ घाला. एक-दोन ग्लासांना काही होत नाही.

आता ज्या वेळी माझे किंवा सासूबाईंचे काही ऐकत बसायचे नाही ती वेळ. दिवसभर पाण्याचा घोटही ठरत नाही, लघवी गडद पिवळी आणि दोन-तीनदाच होते, उठताना अंधारी येते, उलटीत रक्त दिसते, ताप किंवा पोटात कळ आहे, किंवा आधीच्या वजनाच्या पाच टक्के उतरले आहे, म्हणजे पन्नास किलोच्या बाईचे अडीच किलो, तर त्याच दिवशी इस्पितळात जायचे. याला नुसते डोहाळे म्हणत नाहीत. सलाईन लागते, त्यात ग्लुकोजच्या आधी बी-१ द्यावे लागते, म्हणून किती दिवसांपासून उलट्या आहेत ते डॉक्टरना स्वतःहून सांगा. आणि इतके होईपर्यंत थांबायचेही कारण नाही. मळमळीसाठी बी-६ आणि डॉक्झिलामीन यांची गोळी आहे, अनेक वर्षे वापरातली. सहन करणे हा गुण समजणाऱ्या बायका ती मागतच नाहीत. तुम्ही मागा.

सासूबाईंशी कसे बोलायचे? 'मला नुस्ते नको' असे म्हटले की ते त्यांच्या हातच्या जेवणावर जाते. त्याऐवजी, 'आई, मला तुमच्यासारखी पेज शिकवा, सकाळी तीच जाते' असे म्हणून बघा. आणि पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर घेऊन या. डॉक्टरसमोर त्यांनी स्वतः प्रश्न विचारले की घरी वाद उरत नाहीत, हा माझा अनुभव. नुस्ते मागीलदारी तळायचा प्रस्ताव नवऱ्याने मांडावा, तुम्ही नाही.

राहिली संकष्टी. चंद्रोदय रात्री नऊच्या पुढेमागे, तोवर रिकाम्या पोटी राहिलात तर उलट्यांची खात्रीच. या तीन महिन्यांत निरंकार उपवास मी कुणाला करू देत नाही. करायचाच असेल तर दर दोन तासांनी केळे, दही, राजगिऱ्याचा लाडू, शहाळे असे चालू ठेवा. साबुदाण्याच्या खिचडीतले तूप-शेंगदाणे आत्ता जड पडतील. आणि फॉलिक ॲसिडच्या गोळीने उपवास मोडत नाही. हे विचारायला लाजणाऱ्या बायका मला दर चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी भेटतात, गोळी चुकवून आलेल्या.